वानरांची वर्गणी

गावाकडून निरोप आलाय. धामणगाव बढ्याला वानरं पकडणारी माणसं बोलवायचं काही जणांच्या मनात आहे आणि त्यासाठी वर्गणी काढायचं चाललंय. वावर असेल त्याने एकराच्या हिशोबाने, नुसतं घर असेल त्याने घरटी. सामायिक वावरात माझाही हिस्सा असल्यामुळे माझ्याही नावापुढे आकडा पडला. मी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एवढंच विचारलं की पकडून सोडणार कुठे? आणि ते नीट कळेपर्यंत पैसे देणार नाही, असंही लिहिलं. झालं! दोन दिवस ग्रुपवर दुसरा विषय नाही. धाकटा चुलतभाऊ म्हणाला, "ताई, तुले तिकडं पुन्यात बसून काय जाते सांगाले!" काकांनी तर फोनच केला आणि सासरी गेलेल्या लेकीने गावकीत आडवं येऊ नये असं आडवळणाने सुचवलं. (सातबाऱ्यावर नावं चढली तेव्हा सगळ्यांनी खुशीने सह्या केल्या होत्या काका, आठवतंय ना?)

असो. ग्रुपवर चार ओळींत हे मांडता येत नाही म्हणून इथे सविस्तर लिहिते. घरच्यांनी वाचावं आणि इथल्या नेहमीच्या मंडळींनीही वाचावं, कारण ही वर्गणी आज आमच्याकडे निघते आहे, उद्या तुमच्याकडे निघेल.

आधी एक स्पष्ट करते. वानरांचा त्रास खोटा आहे असं मी म्हटलेलं नाही. आमचा भाग घाटाखालचा, दक्षिणेला अजिंठ्याचा डोंगर. कापूस, सोयाबीन, मका, तूर, आणि विहिरीला पाणी असेल तर हरभरा-गहू. रोही आणि डुकरं रात्री येतात, त्यांच्यासाठी जागल करावी लागते. वानरं दिवसाढवळ्या येतात, म्हणजे रात्र जागून काढलेल्या माणसाने दिवसाही वावरातच बसायचं. बरं, वानर एक कणीस पुरतं खाईल आणि मग दुसऱ्याला हात लावेल, असं नाही. दोन चावे घेतले की फेकलं, पुढचं तोडलं. हरभऱ्याचे आधी कोवळे शेंडे जातात, मग घाटे. तुरीच्या ओल्या शेंगा तर त्यांच्यासाठीच लावल्यासारख्या. झटका मशीन बसवलं तर रोही थोडे बिचकतात, वानर निंबाच्या फांदीवरून तारेच्या पलीकडे उडी मारतं. गावात आलं की टिनपत्रे खिळखिळे, कौलं फुटलेली, वाळवणावर धाड. आमच्या गल्लीतली एक म्हातारी वानर अंगावर आलं म्हणून घाबरून पायरीवरून पडली आणि तिचा खुबा मोडला. त्यामुळे "वानरं बिचारी, माणसानेच त्यांचं जंगल खाल्लं" हे शहरी पालुपद मी इथे लावणार नाही. ज्याचा हरभरा गेला त्याला ते ऐकवणं म्हणजे जखमेवर मीठ.

माझा प्रश्न पिंजऱ्याचं दार पडल्यानंतरचा आहे. तो मी ग्रुपवर तीनदा विचारला आणि तीन उत्तरं मिळाली. "जंगलात", "लांब", आणि "ते पकडणारे लोक पाहतात ना." यातलं तिसरं उत्तर तेवढं प्रामाणिक आहे. आपल्याला ठाऊक नाही आणि ठाऊक करून घ्यायचंही नाही.

आता "जंगलात" म्हणजे कुठे ते पाहू. नोव्हेंबर २०२५ मध्ये राज्य सरकारने उपद्रवी माकडं पकडण्याबद्दल एक शासन निर्णय काढला. प्रशिक्षित माणसाला पहिल्या दहा माकडांपर्यंत प्रत्येकी ६०० रुपये, त्यापुढे प्रत्येकी ३०० आणि एका प्रकरणात जास्तीत जास्त १०,००० रुपये. आणि अट अशी की पकडलेली माकडं मनुष्यवस्तीपासून कमीत कमी १० किलोमीटर लांब, नैसर्गिक अधिवासात सोडायची. वाचायला किती छान वाटतं! आता जरा गणित करा. आमच्या जिल्ह्यातलं मोठं जंगल म्हणजे ज्ञानगंगा अभयारण्य. क्षेत्रफळ सुमारे २०५ चौरस किलोमीटर. समजा ते कंपासने काढल्यासारखं अगदी गोल आहे (तसं ते नाही), तर त्याची त्रिज्या येते आठ किलोमीटरच्या जरा वर. म्हणजे बरोब्बर मध्यभागी नेऊन वानर सोडलं तरी आठ किलोमीटरवर अभयारण्य संपतं आणि कुणाचं तरी वावर सुरू होतं. शिवाय बुलढाणा-खामगाव रस्ता बोथ्याच्या घाटातून याच जंगलातून जातो. वस्तीपासून दहा किलोमीटर लांब अशी जागा बुलढाणा जिल्ह्यात मला नकाशावर दाखवा, मी वर्गणी दुप्पट देते.

ती जागा नाही हे पकडणाऱ्या माणसाला आपल्यापेक्षा चांगलं माहीत असतं. त्याला डिझेल परवडलं पाहिजे, उजाडायच्या आत परत आलं पाहिजे. मग जिथे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना झाडी दिसते असा पहिला घाट आला की टेम्पोचा फाळका उघडायचा. आमच्याकडे सगळ्यांच्या तोंडी राजूर घाटच आहे. तिथे आधीच वानरं रस्त्यावर बसलेली असतात आणि गाड्या थांबवून लोक त्यांना बिस्किटं टाकत असतात. घाटाच्या वर बुलढाणा, खाली मोताळ्याकडची गावं. म्हणजे धामणगावची वानरं आपल्याच तालुक्यातल्या दुसऱ्या कुणाच्या तरी हरभऱ्यात. यालाच आपण "सोडून आलो" म्हणतो.

आणि हे उलटही होतंच की. मागच्या वर्षी गावात एक वेगळाच कळप दिसू लागला, आठवतंय? माणसाला अजिबात न भिणारा, हातातली पिशवी ओढणारा, दुकानापर्यंत येणारा. सगळे म्हणत होते की ही आपली वानरं नाहीत, कुणीतरी रात्री आणून सोडली. मी पाहिलेलं नाही, त्यामुळे खात्रीने सांगत नाही. पण ज्यांनी मला हे फोनवर शिव्या घालत सांगितलं, तेच आता वर्गणीची वही घेऊन फिरताहेत. जिथून ती वानरं आली असतील त्या गावातही अशीच वही फिरली असणार. वानरं तीच, टेम्पोही कदाचित तोच, पावतीवर फक्त गावाचं नाव बदलतं. पकडणाऱ्याचा धंदा मात्र बारमाही चालतो.

"पण लांब सोडलं की वानर तिथे रमतं" असं एका मामांनी लिहिलंय. मामा, आपल्याच राज्यात हा प्रयोग वानरांपेक्षा फार मोठ्या जनावरावर होऊन गेलाय आणि त्याची किंमत माणसांनी मोजली आहे. पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर भागात उसात बिबटे वाढले, तेव्हा २००१ ते २००३ या काळात ते मोठ्या संख्येने पिंजऱ्यात पकडून आसपासच्या जंगलांत, सरासरी चाळीसेक किलोमीटरवर, सोडले गेले. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे या सगळ्याचा अभ्यास केला. आधी, १९९३ ते २००१ मध्ये, तिथे वर्षाला सरासरी चार माणसांवर हल्ले होत होते. पकडून सोडण्याच्या काळात ते वर्षाला सरासरी सतरा झाले. त्यातले जीवघेणे हल्लेही प्रमाणाने दुप्पट झाले. घाबरलेलं, मार खाल्लेलं, पिंजऱ्यात दात तोडून घेतलेलं जनावर अनोळखी ठिकाणी सोडलं. पाणी कुठे, शिकार कुठे, दुसऱ्या बिबट्याची हद्द कुठून सुरू होते, त्याला काही ठाऊक नाही. आणि इकडे त्याची रिकामी झालेली जागा दुसऱ्याने घेतली. या सगळ्यानंतर २०११ मध्ये केंद्र सरकारने बिबट्यांबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात असं पकडून दुसरीकडे सोडणं टाळावं असं म्हटलं. वीस वर्षांपूर्वी माणसं गमावून शिकलेला धडा आपण वानरांसाठी पहिल्यापासून गिरवायला निघालो आहोत.

"आजोबा" सिनेमा (२०१४) ग्रुपवरच्या निम्म्या लोकांनी पाहिलाय, उर्मिला मातोंडकर होती म्हणून का होईना. तो खऱ्या बिबट्यावर होता. २००९ मध्ये नगर जिल्ह्यात टाकळी ढोकेश्वरजवळ विहिरीत पडलेला हा म्हातारा बिबट्या काढला, गळ्यात जीपीएस पट्टा बांधला आणि माळशेज घाटात सोडला. तो तिथे रमला का? तो चालत सुटला आणि सुमारे सव्वाशे किलोमीटर तुडवून, रेल्वेचे रूळ, हायवे, खाडी ओलांडून मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात पोचला. २०११ च्या डिसेंबरात तिकडच्याच हायवेवर गाडीखाली मेला. आणि आपल्याच ज्ञानगंगेत २०१९ मध्ये आलेला तो वाघ? टिपेश्वरहून निघाला, वावरावावरांतून दोन राज्यं फिरून इथे आला. त्याला कुणी पकडून आणलं नव्हतं. जनावराला कुठे राहायचं ते त्याचं तोच ठरवतो, आपण फाळका उघडतो तिथे तो बसून राहत नाही.

वानर म्हणजे बिबट्या नाही, हे मलाही कळतं. वानराचं प्रकरण एका परीने जास्त गुंतागुंतीचं आहे कारण ते एकटं राहत नाही. एका कळपात बहुतेक करून एक मोठा नर असतो, आपण त्याला हुप्प्या म्हणतो, बाकी माद्या आणि पिल्लं. वयात आलेल्या बाकीच्या नरांना बाहेर हाकलतात आणि त्यांच्या वेगळ्या टोळ्या फिरत असतात, संधीची वाट बघत. पिंजऱ्यात आधी कोण सापडतं? धीट असतो तो. म्हणजे बऱ्याचदा हुप्प्याच. तो गेला की बाहेरची टोळी कळपावर चालून येते. युकिमारू सुगियामा नावाच्या जपानी संशोधकाने १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला इथे जवळच, धारवाडकडच्या जंगलात, हे पाहून लिहून ठेवलंय. नवा नर कळप ताब्यात घेतो आणि आधीच्या नराची दूधपिती पिल्लं मारतो, म्हणजे माद्या लवकर माजावर येतात. आता गावकऱ्याच्या हिशोबाने बघा. हुप्प्या नेला, मारामाऱ्या वाढल्या, नवा नर आला, आणि वर्षभरात पुन्हा पोरवडा. वानरं कमी झाली का? तुम्ही फक्त हुप्प्या बदललात.

अर्धा कळप इकडे, अर्धा तिकडे झाला तर आणखी वाईट. तिकडे सोडलेल्यांना तिथलं झाड ठाऊक नाही, पाणी ठाऊक नाही, तिथला कळप मारून हाकलतो. मग ती काय करणार? ज्यांना माणसाच्या घरचं खाणं माहीत आहे, ती सरळ पहिलं गाव गाठणार. २०२१ च्या डिसेंबरात बीड जिल्ह्यातल्या माजलगाव तालुक्यातलं लऊळ टीव्हीवर गाजलं होतं. वानरं कुत्र्यांची पिल्लं उचलून उंचावर नेतात आणि ती पडून मरतात, दोनशे-अडीचशे पिल्लं मेली वगैरे. आकडे किती खरे देव जाणे, पण "गँगवॉर" असं नाव देऊन चॅनेलवाल्यांनी आठवडाभर दळण दळलं. शेवटी नागपूरहून पथक आलं, दोन वानरं पकडली आणि तिकडच्या जंगलात सोडायला घेऊन गेलं. बातमी संपली! आपल्या सगळ्यांच्या डोक्यात गोष्टीचा शेवट तोच असतो, पिंजरा गाडीत चढला की टाळ्या. त्या दोन वानरांचं पुढे काय झालं, ती जिथे सोडली तिथल्या लोकांचं काय झालं, कुणी विचारलेलं मी तरी वाचलं नाही.

दिल्लीने हे सगळ्यात मोठ्या प्रमाणावर करून पाहिलं. तिथल्या उच्च न्यायालयाच्या २००७ च्या आदेशानंतर शहरातली हजारो माकडं पकडून असोला भट्टी अभयारण्यात नेऊन टाकली. जंगलात तेवढं खायला नाही म्हणून सरकारी खर्चाने फळं-भाज्या पुरवायच्या, आणि माकडं भिंतीवरून उड्या मारून आजूबाजूच्या वस्त्यांत. दिल्लीतली माकडं संपली नाहीत ती नाहीतच. तिथे निदान सरकारची तिजोरी होती. आपण एकराला किती रुपये काढणार आहोत?

आणखी एक, रोगाचं. माझी एक भाची अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये असते. तिच्या माळ्यावर रॅकून शिरला. (उदमांजराहून दांडगा, डोळ्यांभोवती चोरासारखी काळी पट्टी असलेला प्राणी, कचऱ्याचे डबे उघडण्यात पटाईत.) तिने माणूस बोलावला आणि आपल्यासारखंच म्हणाली, पकडा आणि लांब कुठेतरी जंगलात सोडा. तो म्हणाला, बाई, कायद्याने तसं करता येत नाही. एकतर इथेच घराबाहेर सोडायचा आणि माळ्याचं भोक बुजवायचं, नाहीतर वेदना न होता मारायचा. भाचीला ते फार क्रूर वाटलं. पण तिकडे असे कायदे कडक होण्यामागे मोठी अद्दल आहे. १९७०च्या दशकात शिकारीच्या हौसेसाठी अमेरिकेच्या दक्षिणेकडून हजारो रॅकून पकडून व्हर्जिनिया-वेस्ट व्हर्जिनियाच्या बाजूला नेऊन सोडले. त्यांच्याबरोबर रेबीज गेला आणि पुढच्या काही वर्षांत पूर्व किनाऱ्यावर थेट वरपर्यंत पसरला. आपल्याकडे वानरांवरच्या गोचिडांमधून पसरणारा माकडताप २०१६ पासून सिंधुदुर्गात आहे. दोडामार्ग, बांदा तिकडच्या काजूवाल्यांना विचारा त्याबद्दल. बुलढाण्यात तो नाही. पण जिवंत जनावर टेम्पोत घालून या तालुक्यातून त्या तालुक्यात फिरवताना त्याच्या अंगावर काय जातंय हे कोण तपासतंय? पैसे घेऊन रात्रीत पसार होणारा माणूस?

कायद्याचं एका वाक्यात सांगते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात "शिकार" या शब्दाच्या व्याख्येत पकडणं आणि सापळा लावणंही येतं. वनखात्याला वळसा घालून परस्पर माणूस बोलवाल तर उद्या वहीत ज्याचं नाव पहिलं तो आत जाईल. काका, वही तुमच्या हस्ताक्षरात आहे असं ऐकते!

आता मुख्य मुद्द्यावर येते, ज्याच्यावरून भांडण होणार आहे. आपल्याला वानरं नको आहेत. आपल्याला वानर मारायचंही नाही, कारण तो मारुती. रानडुकरांचं बघा. पिकाचं नुकसान करणारी रानडुकरं आणि रोही परवानगी घेऊन मारता येतील असा निर्णय आपल्या सरकारने २०१५ मध्ये काढला. बिहारमध्ये तर २०१६ साली मोकाम्याला बाहेरून नेमबाज आणून दोनशेच्या वर रोही मारले. त्यावर मोठा गदारोळ झाला, दिल्लीत दोन मंत्री एकमेकांवर घसरले, पण निदान काय केलं ते सगळ्यांना दिसत होतं. वानराच्या बाबतीत तसं म्हणायची कुणाची छाती नाही. हिमाचलमध्ये २०१६ मध्ये सरकारने शिमल्यातली माकडं उपद्रवी ठरवून मारायची मुभा दिली, तर मारायला फारसं कुणी पुढे आलं नाही. सफरचंदाची बाग उद्ध्वस्त झालेला माणूससुद्धा म्हणतो, सरकारने मारावं. म्हणून मग आपण मधली वाट काढतो, पकडून लांब सोडायची. तिकडे ते उपाशी मरो, दुसऱ्या कळपाने फाडो, ट्रकखाली येवो, विजेच्या तारेला चिकटो, आपण मारलेलं नाही. आपल्या हाताला रक्त नाही आणि शनिवारी मारुतीला तेल घालायला आपण मोकळे. वर्गणी कशाची आहे, तर या सोयीची. वानर हलवण्याचे सहाशे रुपये, आणि पाप हलवणं त्यात फुकट!

माझं म्हणणं आहे की मारायचं असेल तर तसं उघड म्हणा, ग्रामसभेत म्हणा, सरकारकडे मागा, त्यावर भांडण होऊ द्या. मी विरोध करेन पण तुमच्या प्रामाणिकपणाचा मान ठेवेन. मारायचं नसेल तर ते वानर आपलं आहे आणि आपल्याच शिवारात त्याचा बंदोबस्त करायचा आहे. नसबंदी करून त्याच जागी परत सोडा, हिमाचलने दीड लाखाहून जास्त माकडांची केली. तो उपाय फार हळू चालतो, पंधरा वर्षांनी फरक दिसतो आणि तोवर शेतकऱ्याने काय खायचं हा प्रश्न उरतोच, त्यामुळे त्याची मी फार भलामण करत नाही. पण त्यात एक गोष्ट सरळ आहे, कुणाचं वानर कुणाच्या अंगणात नाही.

आणि तोवर, आपल्या हातात असलेलं तरी करू. शनिवारी देवळासमोर गूळ-फुटाणे, केळी टाकणं बंद करा. कुणी टाकायचं नाही, आमच्या घरचंही कुणी नाही (आत्याबाई, रागावू नका). शनिवारी हाताने भरवायचं आणि रविवारी तेच हात पसरून वावरात आलं की गोफण घ्यायची. वानराने काय समजावं? धाराशिवजवळच्या उपळ्यात तर गावाच्या कागदोपत्री ३२ एकर जमीन वानरांच्या नावावर आहे, २०२२ मध्ये ती बातमी सगळीकडे फिरली आणि आपण सगळ्यांनी हात जोडल्याची चित्रं टाकून पुढे पाठवली. ग्रुपवर तिला सगळ्यात जास्त हात ज्यांनी जोडले होते, तेच आज टेम्पोचं भाडं विचारताहेत.

राहिली राखण. ही गोष्ट जुनी आहे म्हणून कुणाला ती उपाय वाटत नाही. आमच्या लहानपणी शिवारात दिवसा कुणीतरी असायचंच, म्हातारं माणूस, नाहीतर शाळा बुडवलेलं पोर. आता पोरं शाळेत आहेत (असायलाच हवीत), म्हातारी माणसं टीव्हीसमोर, आणि सालदार ठेवणं कुणाला परवडत नाही. एकट्याने राखण केली की वानरं शेजारच्या वावरात जातात आणि तो सुटला की परत येतात, म्हणून एकट्याची राखण फुकट जाते हे मान्य. पण वानराचा माणूस दिवसा लागतो, आणि बारा महिने लागत नाही. मक्याला कणसं भरली की काही आठवडे, मग तुरीच्या ओल्या शेंगा ते हरभऱ्याचे घाटे एवढा काळ. घरटी आणि एकरी जी वर्गणी काढणार आहात तेवढ्यात पंचवीस-तीस वावरं सलग धरून दोन-तीन माणसं पगारावर ठेवता येतील. सकाळी उजाडल्यापासून दुपारपर्यंत आणि मग चार ते दिवस मावळेपर्यंत, कारण भर उन्हात वानरं झाडावर गप बसतात. सोबत दोन चांगली कुत्री. चुलतभाऊ म्हणतो माणसं मिळत नाहीत. मिळतात रे, रोज ठरलेल्या दिवशी दिला तर मिळतात. टेम्पोवाल्याला जसा आगाऊ रोख देणार आहात तसा त्यांना द्या.

काका म्हणाले, "तुझ्या एकटीच्या वावरात आली असती म्हणजे कळलं असतं." काका, माझ्याच वावरात येतात, सातबारा बघा. माझ्या वाट्याच्या तुरीचं गेल्या साली किती आलं ते तुम्हीच मला फोनवर सांगितलं होतं. नुकसान माझंही आहे, म्हणून तर पैसे कशावर घालायचे यावर बोलायचा हक्क सांगते आहे.

तेव्हा माझा निरोप असा. टोळीला पैसे द्यायचेच असं ठरलं, तर आधी पकडणाऱ्याकडून कागदावर लिहून घ्या. वनखात्याची परवानगी कुठली, गाडीचा नंबर काय, किती वानरं, त्यात पिल्लं किती, आणि सोडणार ती नेमकी जागा कुठली, त्या जागेच्या सगळ्यात जवळचं गाव कोणतं. मग त्या गावच्या सरपंचाला आपल्या सरपंचांच्या फोनवरून, स्पीकर लावून, चारचौघांत विचारा की आम्ही अमुक तारखेला इतकी वानरं तुमच्या शिवारात आणून सोडतोय, चालेल ना? तो हो म्हणाला तर त्याच मिनिटाला माझा आकडा जमा करते.

तोपर्यंत माझी रक्कम मी धाकट्याच्या खात्यावर पाठवली आहे, वर्गणीची नव्हे, राखणीची. वहीत जेवढी लिहिली होती त्याच्या दुप्पट. आमच्या वावराला लागून असलेल्या धुऱ्यावरच्या चार घरांशी त्याने बोलावं, दोन घरं तयार आहेत असं वहिनीकडून कळलंय. घाटे भरायच्या आत माणसं ठरायला हवीत.